मोठ्यानं वाच

"चालत नाही" हे दोन शब्द आमच्या वर्गात बंद होते. कुणी चुकून बोललं की सर दाराकडं बोट दाखवायचे. दाराशी पाण्याचा माठ होता. बोलणाऱ्यानं जिना उतरून खाली नळावर जायचं, कळशी भरून आणायची, माठात ओतायची आणि मग जागेवर बसून नीट सांगायचं. त्यांचं म्हणणं असं, की मेलेलं सोडून जगात सगळंच चालतं. "काय करतंय ते सांग. कशामुळं करतंय ते सांगू नको, ते नंतर बघू." पहिल्या महिन्यात तो माठ निम्मा तरी मीच भरला असेल. माझी जीभ पहिल्यापासून पुढं आणि डोकं मागं.

खोटं कशाला बोलू, हे सर मुळात सर नव्हतेच. गेवराईत त्यांना भोंगेवाले चाचा म्हणत. बसस्टँडच्या मागं त्यांचा गाळा. रेडिओ, टेप, विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करायचे, लग्नाला आणि जत्रेला भोंगे लावायचे. केबल आली, घरोघरी टीव्ही आले आणि रेडिओ दुरुस्तीला येणं कमी झालं. त्याच सुमारास तालुक्या-तालुक्याला कॉम्प्युटरचे क्लास निघत होते, तसा एक त्यांच्या गाळ्याच्या वर निघाला. खताचा दुकानदार मालक, चार कॉम्प्युटर, सहा विद्यार्थी आणि औरंगाबादहून आलेला एक टायवाला मास्तर. मास्तरानं आम्हाला सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट शिकवायला घेतलं. म्हणजे असं, की एक कॉम्प्युटर पान मागतो आणि दुसरा ते तयार करून देतो. देणारा तो सर्व्हर. आत काय शिजलं ते मागणाऱ्याला दिसत नाही, त्याच्यापुढं तयार ताट येतं. एवढं सांगून झालं, तीन महिने झाले, आणि एका सोमवारी मास्तर आलाच नाही. हैदराबादला नोकरी लागली म्हणे. मागं त्यानं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवलं होतं, तेवढंच.

मालकानं खालच्या चाचांना सांगितलं, तुम्ही वरच्या बॅटऱ्या बघताच, पोरांवर पण जरा लक्ष ठेवा. चाचा वर आले, खिशात टेस्टर, तोंडात लवंग, अंगाला तारांना डाग द्यायच्या राळेचा वास. खुर्चीवर बसले नाहीत. हात पाठीमागं बांधून, पाहुण्याच्या घरात फिरतात तसे प्रत्येकाच्या मागून फिरले. मी तेव्हा रडकुंडीला आले होते. दोन दिवस माझं पान उघडत नव्हतं आणि मी दोन दिवस प्रोग्रॅम बदलत होते. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. लाईट हाय का? तार लागली का? शेवटचा हात कुणाचा लागला? मी म्हणाले, लाईटीचा काय संबंध, समोर पडदा दिसतोय की. ते म्हणाले, ह्याची लाईट दिसती, त्या देणाऱ्याची बघितली का? सर्व्हरचा प्रोग्रॅम दोन दिवस बंद होता. मी चालू केला, पान उघडलं. त्या दिवसापासून आम्ही त्यांना सर म्हणायला लागलो, कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांना जावास्क्रिप्ट येत नव्हतं, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेही लपवत नव्हते. पुस्तक तुमी वाचा, बिघाड मी धरतो, असा आमचा करार होता. आणि बिघाड ते असे धरायचे की बघत राहावं. खालच्या गाळ्यात बाजारचा गोंगाट चाललेला असताना रेडिओच्या खरखरीतून कोणता भाग गेला ते सांगणारा तो कान होता. वरही ते कानानंच काम करायचे. कीबोर्डला बोट लावायचे नाहीत. "ज्याचा बिघाड, त्याचा हात," म्हणायचे. मागं उभे राहायचे आणि म्हणायचे, "मोठ्यानं वाच."

पडद्यावर इंग्रजीत चूक आलेली असायची, ती मोठ्यानं वाचायची. आपल्याला कळेल तेवढीच नाही, सगळी. बहुतेक वेळा ती एकच असायची, 'ऑब्जेक्ट एक्स्पेक्टेड', म्हणजे इथं काहीतरी असायला पाहिजे होतं आणि नाही. तिला आम्ही घरजावई म्हणायचो, कारण ती आली की हलायचीच नाही. वाचून झालं की सर विचारायचे, ओळ कितवी? चौदावी. मग तेरावी वाच. अक्षर-अक्षर वाच. मोठा एन का छोटा? कंस उघडला तो मिटला का? आणि शंभरातल्या नव्वद वेळा वाचता वाचताच आमची चूक आम्हाला ऐकू यायची. मग सर नुसते "हां" म्हणून पुढच्या खुर्चीमागं जायचे. त्यांचा चष्मा वरच्या खिशात असायचा. कधी कुणी म्हणालंच, सर, तुम्हीच बघा ना जरा, तर चष्मा काढून रुमालानं पुसायचे आणि परत खिशात ठेवायचे. नंबर बदललाय, म्हणायचे. वर्षभर बदललेलाच होता तो नंबर.

त्यांची अजून एक तऱ्हा होती. खाली दुरुस्ती घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला थांबायचं असलं, तर ते त्याला वर पाठवायचे, पंख्याखाली बसा म्हणून. आणि ज्याचा प्रोग्रॅम अडलाय त्याच्याशेजारी खुर्ची टाकून द्यायचे. "ह्यांना सांग तुझी अडचण." गिऱ्हाईक म्हणजे कोण, तर कधी ऊसवाला, कधी फळवाला, कधी शाळेचा शिपाई. पहिल्यांदा लाज वाटायची. आमच्यातला नंदू, लई हुशार, त्यानं एकदा सर्व्हरला बगल देऊन फाईल सरळ डबल क्लिक करून उघडली, तर पानाऐवजी नुसता कच्चा प्रोग्रॅम दिसायला लागला. तासभर डोकं खाजवलं. त्याच्याशेजारी मिक्सर घेऊन आलेल्या एक मावशी बसल्या होत्या. त्यानं नाइलाजानं त्यांना सांगितलं, की इकडं प्रोग्रॅम असतो, सर्व्हर तो शिजवतो आणि तिकडं पान दिसतं, पण मला प्रोग्रॅमच दिसतोय. मावशी म्हणाल्या, "मंग तू डब्यातलं पीठच खाल्लंस की रं. चुलीवरनं येऊ दे की." नंदूनं सर्व्हरच्या पत्त्यावरून पान मागवलं आणि ते आलं. सरांनी त्या दिवशी सगळी कामं बाजूला ठेवून मावशींचा मिक्सर आधी करून दिला.

माझी गत याहून वाईट. मी एका पानाचं शीर्षक बदलत होते आणि ते बदलत नव्हतं. सकाळपासून संध्याकाळ. सर आले आणि म्हणाले, आता मुद्दाम बिघडव. पहिल्याच ओळीत वाटेल ते खरड. मी रागारागानं अख्खी ओळ कचरा करून टाकली, पान मागवलं, तर ते आपलं छान, हसतमुख. सर म्हणाले, "औषध तू देतीस एकाला आणि नाडी बघतीस दुसऱ्याची." खरंच, त्याच नावाची फाईल दोन ठिकाणी होती आणि मी भलतीच सुधारत होते. अजूनही एखादी गोष्ट हट्टानं बदलत नसली, तर मी आधी ती मुद्दाम मोडून बघते.

आणि एकदा मी बेरजेचं पान केलं, तर पाच आणि पाच पंचावन्न यायला लागले. माझ्याबद्दल वर्गात जे काही बोललं गेलं ते इथं लिहीत नाही. सरांनी विचारलं, तो पाच हाय, का पाचाचं चित्र हाय? खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी दिसायची, तिच्यावर गाळा नंबर पाच. म्हणाले, त्या पाटीशेजारी दुसरी पाटी लाव, दहा होतील का? पानावर टाईप केलेला आकडा सर्व्हरकडं अक्षर म्हणून जातो, त्याला आधी आकडा करावा लागतो, हे पुस्तकात चार पानं लिहिलं होतं. मला ते त्या पाटीवरून कळलं.

मी चकलांब्याची. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, तिथं किराणा दुकान, मी रोज जीपला लोंबकळत गेवराईला यायचे. टायवाला मास्तर पळाल्याचं अण्णांच्या कानावर गेलं आणि ते एक दिवस वर्गातच आले. शिकवणारा रेडिओवाला आणि शिकणारी आपली पोरगी, हे त्यांना काही पटलेलं नव्हतं. उद्यापासून बंद, असं ठरवूनच आले होते, ते मला त्यांच्या टोपीवरूनच कळलं. सरांनी त्यांना पंख्याखाली बसवलं, चहा सांगितला आणि मला म्हणाले, सांग ह्यांना, काय शिकतीस. मग मी म्हणाले, अण्णा, गिऱ्हाईक काउंटरवर येऊन मागतं, तुम्ही आत जाऊन पोत्यातलं काढता, मोजता, पुडी बांधून देता. गिऱ्हाइकाला पोतं दिसत नाही. ते आतलं काम मी शिकतेय. अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग विचारलं, एकदम चार गिऱ्हाइकं आली तर? मी म्हणाले, तेही होतं. अण्णांनी चहा पिला आणि सरांना म्हणाले, नीट शिकवा चाचा. माझं शिक्षण त्या दिवशी वाचलं. अण्णांचा प्रश्न मात्र मी विसरले, आणि तोच मला पुढं नडला.

कपिलधारच्या धबधब्यापाशी कार्तिकात मोठी यात्रा भरते. तिथले भोंगे कैक वर्षं सरांचे असायचे. मंडपात माईकसमोर तेच बसायचे आणि हरवलेल्यांना तेच पुकारायचे. त्यांची पुकारायची रीत वेगळी होती. अमका हरवला आहे, असं कधी म्हणायचे नाहीत. "तुमची माणसं तुमची वाट बघत हायेत, सावकाश या," असं म्हणायचे. हरवलेल्याला आपण हरवलोय हे सांगून काय फायदा, घाबरंल उलट, असं त्यांचं मत. त्या वर्षी मी हट्ट धरला, की सापडलेल्या माणसांची यादी कॉम्प्युटरवर करू. सर लगेच हो म्हणाले नाहीत. चष्मा पुसला, खिशात ठेवला, परत काढला, परत पुसला. मग म्हणाले, ठीक हाय बेटा, करू. मला वाटलं, गर्दीत मशिन सांभाळायची काळजी लागलीय.

तीन कॉम्प्युटर गोधड्यांत गुंडाळून टेंपोतून नेले. एक सर्व्हर, तो माईकशेजारी सरांसमोर, त्याच्या पडद्यावर सगळी यादी दिसणार. दोन टेबलांवर दोन कॉम्प्युटर, एकावर मी, एकावर नंदू. कुणी चुकलेलं माणूस सापडलं की स्वयंसेवक त्याला तीनपैकी एका ठिकाणी बसवणार, पोलिसांच्या राहुटीत, दवाखान्याच्या तंबूत किंवा स्वयंपाकाच्या मंडपात, आणि आमच्याकडं येऊन सांगणार. आम्ही पहिल्या पानावर वर्णन भरायचं, दुसऱ्या पानावर ठिकाण, की यादीत एक ओळ तयार. मराठी अक्षरं आमच्या मशिनवर नव्हती, म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत. सरांनी पडद्यावर बघायचं आणि पुकारायचं. वर्गात मी हे सगळं एकटीनं बसून पन्नास वेळा चालवून बघितलं होतं.

सकाळ काय झकास गेली, काय सांगू. आम्ही भरत होतो, सर पुकारत होते, माणसं येत होती, लेकरं आयांच्या गळ्यात पडत होती. यात्रा समितीचे अध्यक्ष दोनदा येऊन बघून गेले. माझं पान, मी लिहिलेलं, आणि त्याच्यावर एवढी माणसं घरच्यांना भेटत होती. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

तो शुक्रवार होता. दुपारी सर नमाजाला शेजारच्या गावात निघाले. जाताना म्हणाले, "मी येईस्तोवर पुकारू नको. नुसतं लिहून घे." मी हो म्हणाले. नंदू जेवायला गेला. आणि तेवढ्यात अध्यक्ष तिसऱ्यांदा आले, सोबत चार पाहुणे, म्हणाले, दाखव बरं पोरी तुझा कॉम्प्युटर. आता मी कशाला थांबते. बसले सरांच्या खुर्चीवर, घेतला माईक.

त्याच वेळी एक माणूस आला, लातूरकडचा, चाळिशीचा, घामानं निथळलेला. त्याची आई दर्शनाच्या रांगेतून नाहीशी झाली होती. विसरभोळी म्हातारी, नाव विचारलं तर माहेरचं सांगायची. हिरवं लुगडं, उजव्या हातावर गोंदलेला विंचू. मी यादी वरून खाली बघितली, खालून वर बघितली. हिरव्या लुगड्याची बाई नव्हती. एक म्हातारे बाबा मात्र दोनदा दिसले, एकदा दवाखान्यात आणि एकदा स्वयंपाकाच्या मंडपात. मला वाटलं, कुणीतरी दोनदा भरलं असेल. पाहुण्यांसमोर मला मागं-पुढं करायचं नव्हतं. मी त्या माणसाला ठणकावून सांगितलं, "नोंद नाही. अजून कुणाला सापडलेल्या नाहीत." सकाळी सरांनी हिरव्या लुगड्याचं पुकारलेलं माझ्या कानावर आलंही असेल. पण पडद्यावर नव्हतं, म्हणजे नव्हतं.

तो माणूस मागं वळला. "मंग ती पाण्याकडंच गेली," एवढंच म्हणाला आणि धबधब्याखालच्या कुंडाकडं पळत सुटला. मागं त्याची बायको, तिच्या पायात चप्पल नव्हती. गर्दीत कुणीतरी म्हणालं, म्हातारी पाण्यात गेली. झालं, ते पसरायला किती वेळ लागतो? माणसं कुंडाच्या निसरड्या पायऱ्यांकडं लोटायला लागली.

सर आले ते गर्दी कापतच. मी धडाधडा सांगायला लागले, सकाळपासून नीट होतं, आत्ताच बिघडलं, जनरेटरचा दाब कमी-जास्त होत असणार, मी सगळं बंद करून परत चालू करते. त्यांनी हात वर केला. "काय झालं ते सांग." मी सांगितलं. हिरवं लुगडं, विंचू, यादीत नाही, लातूरकडचा तिचा मुलगा कुंडाकडं गेला.

त्यांनी पडद्याकडं बघितलंही नाही. टेबलाखालून खाकी कव्हरची एक जुनी वही काढली. ती वही मी वर्षभर बघत होते, रेडिओच्या दुरुस्त्या लिहीत असतील असं समजून. त्यांनी ती मागच्या बाजूनं उघडली, खिशातला चष्मा लावला आणि बोट उजवीकडून डावीकडं फिरवलं. मग माईक घेतला. "लातूरकडचे पाव्हणे, हिरव्या लुगड्याच्या आई स्वयंपाकाच्या मंडपामागं भाकरीच्या टोपल्यांजवळ बसल्यात. अकरा वाजल्यापासून तुमची वाट बघत हायेत. पाण्याकडं कुणी जाऊ नका. सावकाश या." तीनदा सांगितलं, आवाज जराही न चढवता. आणि कुंडाकडं निघालेली गर्दी खरंच थांबली, वळली.

थोड्या वेळानं तो माणूस आईला धरून मंडपात आला, गुडघ्यापर्यंत ओला. म्हातारी भाकरी खात होती, तिला काहीच पत्ता नव्हता. मुलगा आईच्या पायाशी खाली बसला आणि लेकरासारखा रडला. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन गेले. मी म्हणाले, सर, जनरेटर खोलून बघू या, सकाळी तर सगळं बरोबर होतं. सरांनी माईकचं बटण बंद केलं. मग माईकवर फुंकर मारून खरंच बंद झालाय का ते बघितलं, भोंग्याकडं कान देऊन. मग परत एकदा बटण चाचपलं.

"सकाळी बरोबर नव्हतं बेटा," ते म्हणाले. "सकाळपासून मी ह्या पडद्यावरचं एक अक्षर वाचलं न्हाई. लोकं तुमाला सांगत होती ते मी ऐकत होतो, वहीत उर्दूत लिहीत होतो, आणि वहीतनं पुकारत होतो. मला इंग्रजी वाचता येत न्हाई. उर्दू चौथी झाली, तेवढीच. आकडे येतात."

माझ्या तोंडातून काय निघावं? मी विचारलं, "मग चष्म्याचा नंबर?"

"नंबर बरोबर हाय."

वर्षभराचे 'मोठ्यानं वाच' मला एकदम आठवले. अक्षर-अक्षर वाच. मोठा एन का छोटा. ओळ कितवी. आम्हाला वाटायचं ही शिकवायची युक्ती आहे. मला राग आला, खरंच सांगते, फसवल्यासारखं वाटलं. आणि लगेच त्या रागाची इतकी लाज वाटली की मी मान वर करू शकले नाही. ते म्हणाले, "गप बसता आलं असतं मला. पण मंग तू जनरेटर खोलत बसली असतीस. औषध एकाला आणि नाडी दुसऱ्याची." आपल्या सहाही विद्यार्थ्यांपासून जपलेली गोष्ट त्यांनी माझ्या हातात दिली होती, का, तर मी भलत्या ठिकाणी बिघाड शोधू नये म्हणून.

मी डोळे पुसले. ते म्हणाले, आता सांग अडचण. मी म्हणाले, कुणाला? त्यांनी म्हातारीकडं बोट दाखवलं. मुलगा टेंपो बघायला गेला होता, आई मंडपातल्या पाण्याच्या माठाजवळ बसली होती. मी तिच्यापुढं बसले आणि सांगायला लागले. आजी, दोन पानं असतात. पहिल्यावर माणूस कसा दिसतो ते, दुसऱ्यावर कुठं बसलाय ते. पहिलं भरून दुसरं उघडेपर्यंत माहिती कुठंतरी धरून ठेवावी लागते, म्हणून मी सर्व्हरवर एक जागा केलीय. म्हातारी मान हलवत होती. तिला तहान लागली होती. माठावर साखळीनं बांधलेला एकच गिलास, आणि तो तिच्या आधी दुसऱ्या एकानं उचलला. ती हात पुढं करून तशीच थांबली. मीही बोलता बोलता थांबले.

जागा एकच होती. नंदूनं म्हातारीचं वर्णन तिथं ठेवलं, त्यानं ठिकाण भरायच्या आत मी माझ्या टेबलावरून त्या बाबांचं वर्णन त्याच जागी ठेवलं. म्हातारी पुसली गेली आणि तिच्या ठिकाणावर बाबा जाऊन बसले. म्हणून बाबा दोनदा. वर्गात मी एकटीच होते, एकट्याला गिलास एक आहे का दहा, ते कसं कळणार? एकदम चार गिऱ्हाइकं आली तर, असं अण्णांनी विचारलं होतं. किराणा दुकानदाराला जे सुचलं ते मला सुचलं नव्हतं.

सर्व्हरवर प्रत्येक टेबलाला आपली वेगळी जागा देता येते, पुस्तकात ते होतं. अर्ध्या तासात मी ते केलं. मग सरांची वही घेतली, ते वाचत गेले आणि मी सकाळपासूनची सगळी यादी नव्यानं भरली. अशा चार ओळी चुकलेल्या निघाल्या. संध्याकाळपर्यंत सर वहीतून पुकारत होते आणि मी पडद्याशी ताडून बघत होते. एकही फरक पडला नाही. पण मला ते वहीशिवाय नको होतं.

परतीच्या टेंपोत ते पुढं आणि आम्ही मागं. गेवराईत उतरताना ते मला म्हणाले, पोरांना सांगायचं तर सांग. त्यांच्या आवाजात विनंती नव्हती, पण त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला होता. मी म्हणाले, काय सांगायचं? चूक माझी होती. सोमवारी वर्गात नंदूच्या पडद्यावर घरजावई आला. सर त्याच्या मागं जाऊन उभे राहिले, हात पाठीमागं. ते तोंड उघडायच्या आत मी माझ्या जागेवरून ओरडले, नंदू, मोठ्यानं वाच. सगळं वाच. सरांनी माझ्याकडं बघितलं नाही. लवंग या गालातून त्या गालात नेली आणि म्हणाले, ओळ कितवी?

पुढं मला पुण्यात नोकरी लागली. तिथं मी चूक आली की मोठ्यानं वाचायची, शेजारचे हसायचे, मराठवाड्याची शाळा म्हणायचे. हसू दे. ही गोष्ट मी तिथंही कुणाला सांगितली नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक दिवस ऑफिसात माझ्यासाठी फोन आला. सरांचा होता. ना कशी आहेस, ना काय.

"ऐक," ते म्हणाले, "मोठ्यानं वाचतो."

आणि ते वाचायला लागले. "ओ. बी. जे. ई. सी. टी." मग थोडा वेळ शांतता, मागं वर्गातल्या पंख्याचा आवाज. "ऑब्जेक्ट." परत शांतता. "ई. एक्स. पी..." एकेक अक्षर, पाय चाचपत पायऱ्या उतरावं तसं. मला शेवट माहीत होता, हजार वेळा त्यांना वाचून दाखवलेला. पण मी मधे बोलले नाही. "एक्स्पेक्टेड. लाईन एकतीस." मग म्हणाले, नात पहिलीला इंग्रजी शाळेत गेली, रोज तिच्या शेजारी पुस्तक घेऊन बसतोय. "बरोबर वाचलं का?"

"बरोबर वाचलं सर," मी म्हणाले. आणि माझी जीभ पहिल्यापासून पुढं, ती पुढं गेलीच. "आता तिसावी ओळ..."

"थांब," ते म्हणाले. "तू सांगू नको. मी वाचतो." आणि फोन ठेवला.